गरिबाच्या मर्यादेला महागाई भत्ता का नाही?

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने ऑक्टोबर महिन्याचा किरकोळ महागाईचा दर जाहीर केला. तो होता ०.२५ टक्के. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून चालत आलेल्या मालिकेतला हा सर्वांत कमी दर. दूरचित्रवाणीवर चर्चा रंगल्या आणि महागाई हद्दपार झाल्याच्या थाटात सत्ताधाऱ्यांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्याच सुमारास बिलोलीच्या तहसील आवारात निराधार अनुदानाच्या कागदपत्रांसाठी आलेल्या एका मावशीने मला विचारले, "वकीलसाहेब, टीव्हीवर म्हणायलेत महागाई सरली. मग आमच्या दुकानदाराला कोणी सांगितलं नाही का अजून?"

आजूबाजूचे लोक हसले. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सरकारचा आकडा खोटा आहे काय? नाही. मावशी खोटे बोलते आहे काय? तीही नाही. मग दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकते, हे चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेतले पाहिजे. कारण महागाईवर मोर्चे काढणारे आपण, महागाई मोजतात कशी आणि त्या मोजमापाचा फायदा कोणाला मिळतो, याकडे मात्र फारसे पाहत नाही.

पहिली गोष्ट, महागाईचा दर उतरणे म्हणजे भाव उतरणे नव्हे. भाव ज्या वेगाने वाढतात तो वेग म्हणजे दर. एप्रिल २०२२ मध्ये हा दर ७.७९ टक्के होता, जुलै २०२३ मध्ये ७.४४ टक्के. त्या काळात चढलेले भाव चढलेलेच राहिले. त्यावर नवी वाढ कमी झाली एवढाच ०.२५ टक्क्यांचा अर्थ. २०१२ साली १०० असलेला निर्देशांक २०२४ च्या अखेरीस १९५ च्या आसपास पोहोचला होता. म्हणजे त्या वर्षी शंभर रुपयांत येणाऱ्या पिशवीला आता जवळपास दोनशे रुपये लागतात.

भाजीपाल्याचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या वर्षभरात ४२ टक्क्यांनी महागल्या होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या साडेसत्तावीस टक्क्यांनी स्वस्त झाल्या. ऐकायला फार मोठी घसरण वाटते. पण हिशेब करा. शंभराची भाजी आधी १४२ रुपयांवर गेली आणि मग १०३ वर आली. दोन वर्षांत भाजी जिथल्या तिथे आली आणि मधले वर्षभर गरिबाच्या ताटातून ती गायब झाली. त्या वर्षाची भरपाई कोणताही निर्देशांक देत नाही.

दुसरी गोष्ट, निर्देशांक ही एक सरासरी टोपली आहे. २०१२ च्या मालिकेत देशभरातल्या ३१० शहरांतील १,११४ बाजार आणि १,१८१ गावे येथून भाव गोळा केले जात. त्या टोपलीत खाण्यापिण्याचा वाटा शहरी भागासाठी ३६.२९ टक्के आणि ग्रामीण भागासाठी ५४.१८ टक्के धरला होता. शेतमजुरांच्या जुन्या निर्देशांकात तोच वाटा ६९.१५ टक्के होता. याचा अर्थ साधा आहे. तेल आणि डाळ महागली की पुण्यातल्या पगारदार माणसाच्या खर्चाला ओरखडा पडतो आणि बिलोली तालुक्यातल्या मजुराच्या घराचे कंबरडे मोडते. एकाच देशात, एकाच महिन्यात, प्रत्येक वर्गाची महागाई वेगळी असते.

त्यातही गरिबाला वस्तू महागच पडते. ज्याच्याकडे पगाराची रक्कम एकदम येते तो पंधरा किलोचा तेलाचा डबा घेतो. ज्याला रोजची मजुरी रोज मिळते तो वीस रुपयांचे सुटे तेल बाटलीत घेतो आणि किलोमागे जास्त मोजतो. वाण्याच्या वहीत उधारी असली की भाव करण्याची सोयही उरत नाही. दहा रुपयांचा पुडा दहालाच मिळतो, पण आतले वजन गुपचूप कमी झालेले असते. निर्देशांक तयार करणारे वजनाचा फरक धरतात, हे मान्य. मावशीला तो फरक कोणी समजावून सांगत नाही. तिला फक्त कळते की पूर्वी दोन लेकरांना पुरणारा पुडा आता एकालाच पुरतो.

आपल्या नांदेडचा या विषयाशी जुना संबंध आहे. राज्याच्या कामगार खात्याने कामगारांच्या राहणीमानाचा निर्देशांक काढण्यासाठी जी मोजकी शहरे घेतली त्यात नांदेड होते. १९६१ हे वर्ष पायाभूत धरून नांदेड केंद्राचे आकडे प्रसिद्ध होत. उस्मानशाही गिरणीचा भोंगा वाजत होता तो काळ. निर्देशांक हवा होता तो गिरणी कामगाराचा महागाई भत्ता ठरवण्यासाठी. महागाई मोजायची ती कोणाची तरी मजुरी वाचवण्यासाठी, हा त्यामागचा मूळ विचार. पुढे गिरणी बंद पडली. कामगार हमाल झाला, रिक्षा चालवू लागला, बांधकामावर गेला. त्याच्या मजुरीला बांधलेली निर्देशांकाची दोरी तुटली. आज बाजारपेठेत ओझे वाहणाऱ्याला महागाई किती टक्के वाढली हे विचारून मजुरी देणारा कोणी नाही.

दोरी कोणाची शाबूत आहे? केंद्रीय कर्मचाऱ्यांना औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकानुसार वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढवून मिळतो. जानेवारी २०२४ मध्ये तो ५० टक्के झाला, जुलै २०२५ मध्ये ५८ टक्के. आपलेही अनेक बांधव या नोकऱ्यांत आहेत आणि हा हक्क कामगार चळवळीने लढून मिळवलेला आहे. त्याबद्दल कोणाच्या पोटात दुखण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की जो न्याय पगारदाराला तो भूमिहीनाला का नाही?

शेतमजुराचे काय झाले ते पाहा. रोजगार हमीच्या मजुरीची दरवर्षीची वाढ शेतमजूर निर्देशांकावर ठरत आली. त्या निर्देशांकाचे पायाभूत वर्ष १९८६-८७ आणि त्यातली टोपली १९८३ च्या पाहणीवर बेतलेली. जुलै २०२५ मध्ये २०१९ हे नवे पायाभूत वर्ष लागू होईपर्यंत, म्हणजे जवळपास चाळीस वर्षे, मजुराची महागाई अशा ताटावरून मोजली गेली ज्यात मोबाईल नव्हता, खासगी शिकवणी नव्हती, मोटारसायकलचे पेट्रोल नव्हते. महाराष्ट्रात ही मजुरी २०२१-२२ मध्ये २४८ रुपये होती, २०२३-२४ मध्ये २७३ आणि २०२५-२६ मध्ये ३१२. डिसेंबर २०२५ मध्ये तर संसदेने त्या कायद्याच्या जागी नवाच कायदा आणला. ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीचा मार्ग देशाला दाखवला, तिथल्या मजुराने याची नोंद ठेवली पाहिजे.

शेतकऱ्याचीही गत निराळी नाही. नांदेड आणि लातूर हा सोयाबीनचा पट्टा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केले. सोयाबीन उत्पादकाला भाव मिळावा असे कारण सांगितले गेले. तेल महागले. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात ४,८९२ रुपये होता आणि बाजारात शेतकऱ्याला त्याहून कमी भावात माल घालावा लागला. म्हणजे सोयाबीन पिकवणाऱ्याच्या पदरात हमीभावही पडला नाही आणि त्याच सोयाबीनचे तेल विकत घेताना त्याने जास्त पैसे मोजले. पुढच्या वर्षी हमीभाव ५,३२८ झाला, तर २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात अतिवृष्टीने पीकच वाहून गेले. भाव स्थिर राहिले तरी हातात पैसा नसेल तर खरेदीशक्ती शून्यच. म्हणून केवळ भावाकडे पाहून भागत नाही, उत्पन्नाकडेही पाहावे लागते.

आता मुद्द्याची गोष्ट. बाजारातले भाव चढतात हे सर्वांना दिसते. परंतु कायद्याच्या आणि शासन निर्णयांच्या कागदावर गरिबासाठी लिहिलेले आकडे वर्षानुवर्षे गोठलेले असतात, हे कोणाला दिसत नाही. महागाईची खरी चोरी इथे होते.

संजय गांधी निराधार योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याच्या कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये. जुलै २०२३ मध्ये अनुदान एक हजारावरून दीड हजार झाले, ते योग्यच झाले. पण मर्यादा २१ हजारच राहिली. २१ हजार म्हणजे दिवसाला ५७ रुपये. त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी २७३ रुपये होती. एखाद्या विधवा भगिनीने सरकारच्याच कामावर ७७ दिवस घाम गाळला की तिचे उत्पन्न २१,०२१ रुपये होते. म्हणजे सरकारने शंभर दिवसांची हमी द्यायची आणि तिने ७७ दिवस काम केले की सरकारच्याच दुसऱ्या कागदाने तिला अपात्र ठरवायचे! यातून वाट एकच उरते. उत्पन्नाच्या दाखल्यावर २० हजार, २१ हजार असे आकडे लिहून घेणे. जो कायदा पाळून जगता येत नाही तो कायदा गरिबाला खोटे बोलायला लावतो. मग तोच खोटेपणा तिच्या डोक्यावर टांगती तलवार होतो. गावातल्या कोणीही तक्रार करावी आणि तिचे अनुदान बंद पडावे. मतदानाच्या वेळी "तुझा दाखला आमच्यामुळे झाला" म्हणून तिला दबवले जाते ते याच तलवारीच्या जोरावर.

अन्नसुरक्षा कायद्यासाठी राज्याने प्राधान्य कुटुंबाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये ठरवली, ती कायदा आला तेव्हाची. वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा २००७ च्या सुमारास पासष्टीच्या पुढच्यांसाठी २०० रुपये होता आणि ऐंशीच्या आतल्या वृद्धांसाठी तो त्यानंतर हललाच नाही. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाने हिशेब केला तर त्या २०० रुपयांची किंमत २०२५ मध्ये साठ-पासष्ट रुपये उरते. सरकारने एक पैसाही कमी केल्याचे जाहीर न करता दोन तृतीयांश रक्कम काढून घेतली. कपातीचा शासन निर्णय निघाला असता तर आपण रस्त्यावर उतरलो असतो. महागाईने केलेल्या कपातीवर मात्र कोणी निवेदनसुद्धा देत नाही.

विद्यार्थ्यांचे पाहा. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अडीच लाखांची उत्पन्न मर्यादा २०१३ ची. २०२०-२१ मध्ये योजना सुधारली तेव्हाही तीच कायम ठेवली. निर्देशांकाप्रमाणे वाढवली असती तर २०२४ मध्येच ती सव्वाचार लाखांच्या पुढे गेली असती. बाप तसाच गरीब आहे, फक्त त्याच्या पगाराचा आकडा फुगला म्हणून पोरगा शिष्यवृत्तीतून बाहेर. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. शहराच्या दर्जानुसार वर्षाला ४३ हजार ते ६० हजार. योजना चांगली आहे आणि तिने बिलोली, देगलूर, मुखेडच्या कितीतरी लेकरांना नांदेड-लातूरला टिकून राहता आले. पण सुरुवातीला ठरलेले हे आकडे पुढे कित्येक वर्षे तेच राहिले. खोलीमालक भाडे वाढवताना स्वाधारचा शासन निर्णय वाचत नाही. मेसवाला गॅस महागला की डबा महाग करतो. मग पोरगा एक वेळचा डबा बंद करतो आणि घरी सांगत नाही. शहरातल्या महागाईचा हा परिणाम कोणत्याही तक्त्यात येत नाही.

वकिली करताना हे गोठलेले आकडे मला रोज भेटतात. पत्नी-मुलांच्या पोटगीसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. काही राज्यांनी आपापल्या दुरुस्त्या केल्या, पण केंद्रीय कायद्यातून ती जायला २००१ साल उजाडले. मोटार अपघाताच्या भरपाईत १९९४ साली कमावत्या नसलेल्या माणसाचे काल्पनिक उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरले. राहणीमानाचा खर्च पाहून केंद्राने हे परिशिष्ट वेळोवेळी बदलावे, असे त्याच कायद्यात लिहिले होते. बदल झाला २०१८ साली. मधली चोवीस वर्षे घरकाम करणाऱ्या बाईच्या आणि शाळेत जाणाऱ्या लेकराच्या जिवाची किंमत कागदावर तीच राहिली. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर वारंवार नाराजी व्यक्त केली आणि प्रकरणागणिक रक्कम वाढवूनही दिली. पण न्यायालयापर्यंत लढत जाण्याची ऐपत किती जणांची?

माझ्याकडे आलेल्या एका भगिनीचा पोटगीचा हुकूम आठ वर्षांपूर्वीचा होता. लेक तेव्हा बालवाडीत होती, आता हायस्कुलात आहे. रक्कम तीच. परिस्थिती बदलली तर रक्कम वाढवून मागता येते, हे तिला कोणी सांगितलेलेच नव्हते. पूर्वी हे कलम १२७ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४६ आहे. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात पोटगी ठरवताना वाढती महागाई विचारात घ्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. मे २०२५ मध्ये राखी साधुखां प्रकरणात तर रकमेत दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ आपोआप होईल असाच आदेश दिला. म्हणजे आकडा लिहितानाच वाढीची सोय करून ठेवणे कायद्याला अशक्य नाही.

यावर नेहमीचे उत्तर येईल, तिजोरीवर भार पडेल. त्यांना दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत.

एक, आपल्या तालुक्यातून येसगीचा पूल ओलांडला की मांजरेपलीकडे तेलंगणा लागतो. २०१९ मध्ये तिथे आसरा निवृत्तिवेतन २,०१६ रुपये झाले, तेव्हा अलीकडच्या काठावर एक हजार होते. वाळू एकाच नदीची, बाजारही जवळपास एकच, पण विधवेची खरेदीशक्ती पुलाच्या अलीकडे निम्मी. पलीकडच्या तिजोरीला जे पेलले ते महाराष्ट्रासारख्या राज्याला पेलणार नाही, असे कोणी म्हणू नये.

दोन, खासदारांनी स्वतःसाठी काय केले? २०१८ च्या वित्त कायद्याने खासदारांचे वेतन दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकानुसार वाढेल अशी कायमची तरतूद करून घेतली. त्यानुसार मार्च २०२५ मध्ये अधिसूचना निघाली आणि वेतन एक लाखावरून १ लाख २४ हजार झाले, तेही १ एप्रिल २०२३ पासून. मोर्चा नाही, उपोषण नाही, निवेदन नाही. निर्देशांक वाढला, वेतन वाढले. हीच ओळ निराधार योजनेच्या शासन निर्णयात लिहायला कोणत्या पंचांगातला मुहूर्त पाहिजे?

बाबासाहेबांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता. १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात त्यांनी रुपयाची देशांतर्गत क्रयशक्ती स्थिर राहिली पाहिजे हा मुद्दा लावून धरला. रुपया स्वस्त झाला की भाव चढतात, मजुरी मात्र त्या वेगाने चढत नाही. त्यामुळे व्यापारी वर्गाचा जो नफा दिसतो तो मजुराच्या ताटातून गेलेला असतो, अशी त्यांची मांडणी होती. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी चलनाचा प्रश्न कोणत्या वर्गाला काय भोगावे लागते या बाजूने तपासला. आपण बाबासाहेबांना अर्थतज्ज्ञ म्हणून जयंतीच्या बॅनरवर लिहितो. त्यांचे अर्थशास्त्र तहसीलच्या खिडकीपर्यंत नेणे मात्र राहून गेले आहे.

राष्ट्रीय पाहणीच्या २०२२-२३ च्या आकड्यांत ग्रामीण भागात अनुसूचित जातींच्या माणसाचा सरासरी मासिक खर्च ३,४७४ रुपये आणि इतरांचा, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्ग सोडून उरलेल्यांचा, ४,३९२ रुपये होता. जो आधीच कमी खर्चात जगतो त्याच्याकडे काटकसर करायला काही शिल्लक नसते. तो कपात करतो ती डाळीत, औषधात आणि मुलीच्या शिक्षणात.

म्हणून मागणी एकच आणि नेमकी असावी. गरिबांसाठी कायद्यात, नियमात किंवा शासन निर्णयात रुपयांचा जो जो आकडा लिहिला आहे, मग ती मर्यादा असो, अनुदान असो वा शिष्यवृत्ती, तो दरवर्षी १ एप्रिलला निर्देशांकानुसार आपोआप वाढला पाहिजे. "महागाई कमी करा" ही घोषणा कोणत्याही सरकारला झेलता येते, कारण तिला उत्तर द्यावे लागत नाही. "२१ हजारांचा आकडा कोणत्या वर्षीचा आहे आणि तो का बदलला नाही?" या प्रश्नाला मात्र लेखी उत्तर द्यावे लागते. माहितीच्या अधिकारात हा प्रश्न प्रत्येक तालुक्यातून गेला पाहिजे. ग्रामसभेने ठराव घेतले पाहिजेत. ज्या भगिनींचे पोटगीचे हुकूम जुने झाले आहेत त्यांना आपल्या वस्तीतल्या वकिलांनी शोधून काढून अर्ज करून दिले पाहिजेत. तालुका विधी सेवा समितीमार्फत त्यासाठी मोफत वकील मिळतो, हेही सांगितले पाहिजे.

तहसील आवारातल्या त्या मावशीला मी त्या दिवशी महागाईचा दर म्हणजे काय ते समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग दाखल्यावर किती लिहू साहेब, खरं का एकवीस?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते मंत्रालयाकडून मागून घेण्याचे काम आपल्या सर्वांचे आहे.